उकंडरावांचा ळ

"भाऊ, उद्या साहेबांसमोर तुम्ही काही बोलू नका," मी म्हणाले.

उकंडरावांनी मला हातानंच 'थांबा' अशी खूण केली. त्यांच्या ओठांत संत्र्याचा डोळा होता. डोळा म्हणजे फांदीवरून सालीसकट तासून काढलेली कळी. ती वाऱ्यानं सुकू नये म्हणून बांधेपर्यंत ओठांत धरायची त्यांची जुनी सवय. समोर जंबेरीचं रोप होतं. जंबेरी फळाला आंबट आणि अंगानं काटेरी, पण मुळाची चिवट. तिच्या बुंध्याला चाकूनं चीर देऊन त्यांनी साल अलगद उचलली, ओठांतला डोळा आत सरकवला आणि वरून पट्टी गुंडाळायला घेतली. खालून गुंडाळली, वरून गुंडाळली, मधला डोळा तेवढा उघडा ठेवला. मग गाठ मारून मान वर केली.

"काय म्हनलं बाई?"

त्यांनी ऐकलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी पुन्हा सांगितलं. "उद्या तपासणीला साहेब येतील. तुम्ही फाटकाशी उभे राहा, नमस्कार करा. पण बोलायचं मी बघते."

"एकही शब्द नाई?"

"एकही नको."

त्यांनी चाकू धोतराला पुसला. "शायेसाठीच म्हनता ना?"

"शाळेसाठीच."

"मंग बरं," ते म्हणाले.

मी येताना वाटेत दहा मुद्दे जुळवून आणले होते. ते सगळे माझ्यापाशीच राहिले. जरा धीर आल्यावर मी उरलेलंही सांगून टाकलं. "आणि तुमच्या सालदाराच्या द्वारकेला मी उद्या शेवटच्या बाकावर बसवणार आहे. तिनंही हात वर करायचा नाही, असं बजावलंय."

मग बांधलेल्या पट्टीवर बोट टेकवून म्हणाले, "पट्टी आवयून बांधा लागते बाई. ढिली ठेवली तं डोया धरत नाई. पन डोयावरून न्याची नाई. डोया झाकला का कुजते."

मला कलमा-बिलमांतलं काही कळत नव्हतं. मी 'हो का' म्हटलं आणि घरी आले.

ही गोष्ट एक्याऐंशी सालची, वरुडाकडच्या एका गावातली. उकंडरावांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हा जन्मल्यावर आईनं त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवलं आणि परकं पोर उचलून आणावं तसं घरात आणलं. तेव्हापासून उकंड. पोरवयापासून ते लोकांच्या बागांत डोळे बांधत गावोगाव हिंडले. या मुलखातल्या निम्म्या संत्र्यांना त्यांचा हात लागलाय, असं लोक म्हणत. चाळिशीत स्वतःची जमीन झाली, सहाशे झाडं झाली. आणि पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी त्यातली ऐंशी झाडं, चांगली फळावर आलेली, मुळापासून काढली आणि त्या जागी मुलींसाठी पाच खोल्यांची शाळा बांधली. मुलांचं हायस्कूल नदीपलीकडे सहा मैलांवर होतं. मुली सातवीनंतर घरी बसत. गावानं उकंडरावांना वेड्यात काढलं. "लोक शेन टाकून झाडं जगोते अन् हा झाडं तोडून पोरी शिकोते," असं पारावर बोललं जाई. उकंडराव हसत आणि कामाला लागत.

मी मूळची वाईची. वडील संस्कृतचे पाठ सांगणारे. आमच्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तर चालायचं, पण उच्चारात 'श'चा 'स' झाला तर जेवण थांबायचं. यजमान पाटबंधाऱ्यात होते, त्यांच्या बदलीमागं मी विदर्भात आले. बी.एड. झालेली बाई गावात आलीय, हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी उकंडराव टोपलीभर संत्री घेऊन दारात उभे. म्हणाले, "खोल्या हायेत, पोरी हायेत. शिकवनारं तेवढं कोनी नाई." मी होकार दिला तो थोडा त्यांच्या साधेपणाला भुलून आणि थोडा घरात बसून कंटाळा आला होता म्हणून.

पहिल्याच दिवशी द्वारका वाचायला उभी राहिली. उकंडरावांच्या सालदाराची मुलगी, काळीसावळी, डोळ्यांत हुशारी. तिनं वाचलं, "तयात कमयं फुलली." मी कपाळाला हात लावला. दुसरी उठली, तिचंही तेच. वर्गात तेवीस मुली होत्या आणि एकीच्याही तोंडात ळ नव्हता. शाळा म्हणजे शाया, फळा म्हणजे फया, आणि वेळ म्हणजे येय. या भागाची बोलीच तशी आहे, हे मला पुस्तकी ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि रोज सात तास कानांवर घेणं वेगळं.

मी कंबर कसली. रोज सकाळी प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटं ळचा तास. फळ्यावर शब्द लिहायचे: कमळ, बाळ, नळ, शाळा. "जीभ उलटी वळवा, टाळूला लावा आणि सोडा." तेवीस जणी एका सुरात म्हणायच्या. जी चुकेल तिनं तास संपेपर्यंत उभं राहायचं. द्वारका सगळ्यांत जास्त उभी राहिली. ही मुलगी चार आकडी संख्येचं वर्गमूळ तोंडी काढायची, पण तिची जीभ काही वळेना. दोन वर्षं सरता सरता तिनं वर्गात बोलायचंच सोडलं. मला ती सुधारणा वाटली. निदान अशुद्ध कानांवर पडत नव्हतं.

या तासाला आणखी एक जण हजर असे. उकंडराव. रोज त्याच वेळेला बागेतून येऊन खिडकीबाहेर उभे राहायचे, एक हात गजावर, डोक्याला पंचा. तोंड सारखं हलत असायचं. तंबाखू चघळतायत, असं मला वाटे आणि माझं टाळकं सणके. शाळेच्या खिडकीत, मुलींच्या देखत, तंबाखू! शिवाय ही पाळत कशासाठी? बाई नीट शिकवते की नाही हे बघायला? मी घरी यजमानांना म्हटलंही, "यांना माझ्यावर भरवसा नाही." ते म्हणाले, "त्यांची शाळा आहे, बघेनात का."

एकदा न राहवून मी खिडकीशी गेले. "भाऊ, असं बाहेर उभं राहण्यापेक्षा आत येऊन बसा ना."

ते दोन पावलं मागं सरले. "नाई नाई बाई. पायाले चिखोल हाये."

चैत्र चालला होता, ऊन मी म्हणत होतं. पण बागेला पाणी देतात तिथला चिखल असेल, म्हणून मी सोडून दिलं. तसे ते कधीच आत येत नसत. कमिटीची बैठक असली तर ती निंबाखाली. शाळेचं उद्घाटन झालं तेव्हाही पाहुणे खोल्या बघत होते आणि हे मांडवात पाणी वाटत होते, असं मला लोकांनी सांगितलं होतं. शेतकरी माणूस, बुजत असेल, एवढाच मी त्याचा अर्थ लावला.

शाळेला मान्यता मात्र नव्हती. तेवीसपैकी सात मुलींची पहिली दहावीची तुकडी तयार झाली होती. बोर्डाचे फॉर्म भरायचे तर मान्यतेचा कागद हवा, आणि दिवाळी होऊन तीन आठवडे झाले तरी कागदाचा पत्ता नव्हता. सातपैकी दोघींची लग्नं घाटत होती. त्यांतली एक द्वारका. तिच्या बापानं मला सरळ सांगितलं होतं, "यंदा परीक्षा झाली तं ठीक, नाई तं फागुनात लगन." म्हणजे उद्याच्या तपासणीवर सगळं अडलं होतं. त्यात तालुक्याच्या एका मास्तरांनी माझ्या कानात भरवलं की, येणारे साहेब उच्चारांचे फार कडक, मुलींना उभं करून वाचून घेतात. मग मी काय केलं ते वर सांगितलंच आहे. शाळा ज्यानं बांधली त्याला मी गप्प बसवलं, आणि वर त्या गप्प बसवण्याला शाळेचं हित म्हटलं.

तपासणीच्या दिवशी आठ वाजल्यापासून उकंडराव फाटकाशी उभे होते. तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेलं धोतर, काळा कोट, पांढरी टोपी. दाढी घोटलेली. मला बघून त्यांनी हात जोडले, पण बोलले नाहीत. मी म्हटलं, "अहो, आत्ता बोललात तरी चालेल." त्यांनी मान हलवली आणि ओठ मिटलेलेच ठेवले. काल ओठांत डोळा धरला होता तसेच.

दहाला जीपगाडी आली. साहेब उतरले. मध्यम उंचीचे, जाड चष्म्याचे, चेहरा दमलेला. ते सरळ उकंडरावांकडे गेले.

"आपणच का उकंडराव? आपल्याबद्दल फार ऐकलंय. ऐंशी झाडं तोडलीत म्हणे?"

उकंडरावांनी हात जोडले. साहेब उत्तराची वाट बघत उभे राहिले. उकंडरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"भाऊंचा घसा बसलाय साहेब," मी म्हणाले. "कालपासून आवाजच फुटत नाही."

खोटं बोलताना माझी जीभ अजिबात अडखळली नाही. सगळे उच्चार शुद्ध आले.

"अरेरे," साहेब म्हणाले. "मग आत तरी या, आमच्याबरोबर बसा."

उकंडरावांनी मान हलवली आणि खिडकीकडे बोट दाखवलं, मी तिथं उभा राहतो अशा अर्थानं. साहेबांना नवल वाटलं, पण ते आत आले.

मी पढवलेल्या मुली पुढच्या बाकांवर होत्या. एकीनं उतारा वाचला. प्रत्येक ळ घासून पुसून ठेवलेल्या भांड्यासारखा लखलखीत. मी साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर लगडलेल्या संत्र्यांकडे बघत होते.

"छान," ते म्हणाले. "आता एक गणित. एका बागेत पाचशे शहात्तर झाडं. जितक्या ओळी, तितकीच एकेका ओळीत झाडं. तर एका ओळीत किती?"

पुढच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटच्या बाकावर द्वारकेचा हात खांद्यापर्यंत वर आला. मग तिची न् माझी नजरानजर झाली आणि हात खाली गेला. तिनं तो मांडीखाली दाबून धरला. मला ते दिसलं. मी नजर पुढच्या बाकांकडे वळवली.

दुसऱ्या बाकावरची मुलगी घाबरत उठली. "साहेब, फयावर करू काय?"

झालं, दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं! साहेब म्हणाले, "कर ना, कर की." त्यांना काही खटकल्याचं दिसलंच नाही. तिनं फळ्यावर खाडाखोड करत पाच मिनिटांनी चोवीस काढले. साहेबांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

त्यांनी खोल्या पाहिल्या, विहीर पाहिली, हजेरीपट पाहिला. निघताना मला म्हणाले, "काळजी करू नका बाई. आठवड्यात कागद येईल, मुलींचे फॉर्म भरायला घ्या." मग फाटकाशी थांबून उकंडरावांकडे वळले. "एकच राहून गेलं. तुमच्याकडून डोळे बांधायचं ऐकायचं होतं. असा माणूस शाळा काय म्हणून बांधतो, तेही विचारायचं होतं. घसा बरा झाला की मी पुन्हा येईन, खास तेवढ्यासाठी."

उकंडरावांनी हात जोडले. जीप गेली.

कागद आला, सातही मुली परीक्षेला बसल्या, फाल्गुनात कुणाचंच लग्न झालं नाही. द्वारकेनं पुढं त्याच शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं आणि फळ्याला शेवटपर्यंत फया म्हटलं. पण हे सगळं नंतरचं. जीपचा धुरळा खाली बसला तेव्हा मी एवढी आनंदात होते की, उकंडराव अजून फाटकाशीच उभे आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मुली बाहेर येऊन नाचत होत्या. कुणीतरी उकंडरावांच्या हातावर गूळ ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही.

"बाई," ते म्हणाले, "आता बोलू काय?"

"अहो, बोला ना! झालं सगळं छान."

त्यांनी गूळ द्वारकेच्या हातात दिला. टोपी सरळ केली, कोटाचं वरचं बटण लावलं. मग जिथं साहेब उभे होते त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. जीभ वळवली, टाळूला लावली. क्षणभर थांबले.

"मुलींच्या या शाळेत आपलं मनापासून स्वागत आहे."

मुलींचं नाचणं थांबलं. ळ स्वच्छ होता, ण सुद्धा. वाईला माझ्या वडिलांसमोर म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती.

"शुद्ध हाये ना बाई?"

"शुद्ध आहे," मी कशीबशी म्हणाले. "पण तुम्ही हे कधी…"

"तुमच्या पोरींसंगंच. खिडकीतून. दोन सालं लागले."

"मला वाटलं, तंबाखू…"

"भाऊ तं तंबाकू खातच नाई बाई," द्वारका म्हणाली. किती महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकत होते.

उकंडराव हसले. मग जसं एखाद्या झाडाबद्दल सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "सात वर्साचा होतो. मायनं शायेत नेऊन घातलं. मास्तरनं इचारलं, पोरा, कुठी आलास? म्हनलं, शायेत. त्यानं म्हनलं, ज्याले शाळा म्हनता येत नाई त्यानं शाळेच्या अंदर याचं नाई. म्हनता आलं का ये. मी बाहीर उभा रायलो. आठ दिवस उभा रायलो. शाया, शाया, शाया. येतच नव्हतं. मंग एक डोया बांधनारा चालला होता रस्त्यानं, त्याच्या मागं निंगून गेलो."

"म्हणून तुम्ही आत…"

"मास्तरचा शब्द होता ना बाई. आपन बांधली म्हनून का मास्तरचा शब्द मोडाचा? म्हनलं, साहेब येतीन, त्याइच्या म्होरं म्हनीन, अन् मंग जाईन अंदर."

मला त्या क्षणी माझी लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका मास्तरानं या माणसाला दाराबाहेर उभं केलं होतं. आता हा स्वतःचं दार बांधून त्या दारापर्यंत आला, आणि तिथं मी उभी होते. त्या मास्तरानं निदान 'म्हणता आलं की ये' असं सांगितलं होतं. मी तर म्हणता येतं की नाही, हे विचारलंसुद्धा नव्हतं.

"भाऊ," मी म्हणाले, "तुम्ही साहेबांसमोर शाया म्हणाला असतात ना, तरीसुद्धा…"

"तरी काय?" ते शांतपणे म्हणाले. "तुमीच तं म्हनलं, बोलू नका."

त्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी शाळेच्या दाराकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी खाली आला. "बाई, आता जमलं ना मले? मंग येऊ काय अंदर?"

मी नुसती बाजूला झाले. त्यांनी वहाणा काढल्या. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग आत जाऊन वर्गात चहूकडे पाहिलं, आपणच घातलेल्या वाशांकडे, आपणच बसवलेल्या खिडकीकडे, आतल्या बाजूनं. पुढच्या बाकांवर जागा होती. पण ते सरळ मागं गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. गुडघे बाकाखाली मावेनात. द्वारका त्यांच्या शेजारी जाऊन बसली, मागोमाग बाकीच्या मुली आपापल्या जागी बसल्या.

फळ्यावर गणिताच्या बाजूला सकाळचे शब्द तसेच होते. कमळ, बाळ, नळ, शाळा. उकंडरावांनी हाताची घडी घातली.

"घ्या बाई तास," ते म्हणाले.

मी खडू उचलला. फळ्याकडे वळले, पुन्हा वर्गाकडे वळले. तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर पडेना. चोवीस जण माझ्याकडे बघत होते.

मागच्या बाकावरून उकंडरावांचा आवाज आला, "काय झालं बाई? घसा बसला काय?"